त्याला आणू नकोस

माझ्या यशाची बातमी मला औषधाच्या दुकानात कळली. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले होते. हा दुकानदार गेली कित्येक वर्षं मला 'माताजी' म्हणतो आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला आधी औषध देतो. त्या दिवशी मात्र त्याने गर्दीतून हात पुढे करून माझी चिठ्ठी घेतली.

"माताजी, वो किताब आपकी ही है न? मेरी पत्नी ने पढ़ी है. इतना रोई, इतना रोई कि दाल जल गई."

दाल जळाल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. वयाची साठी उलटल्यावर, आयुष्यभर मराठीत लिहून, तेही बनारसमध्ये बसून, कुणाची तरी डाळ आपल्यामुळे करपली हे ऐकायला मिळणं काही थोडकं नाही. मी हसून गोळ्या पिशवीत टाकल्या. तर तो पुढे म्हणाला, "और आख़िर में जब बेटा दौड़ता हुआ सीढ़ियाँ उतरता है, माँ की चिता के सामने गिर पड़ता है... वो तो उसने मुझे पढ़कर सुनाया. मैं भी रो दिया."

माझ्या पुस्तकात कुठलाही मुलगा घाटाच्या पायऱ्या उतरत नाही. मला वाटलं, त्याच्या बायकोने दोन पुस्तकं एका वेळी वाचायला घेतली असतील आणि एकाचं शेपूट दुसऱ्याला लागलं असेल. लोक वाचतात कसे, ते मी शाळेत मुलींना शिकवताना पुष्कळ पाहिलंय. मी गोळ्यांचे पैसे दिले आणि घरी आले.

चार दिवसांनी भाजी घेताना एक बाई भेटल्या. नवऱ्याच्या जुन्या बँकेतल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "दीदी, वो अंतिम दृश्य! बेटे का आना!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. एकाचं चुकेल, दोघांचं एकच कसं चुकेल?

घरी येऊन कपाटातून हिंदी पुस्तक काढलं. इतके दिवस ते मी समोरून पाहिलं होतं, मागून पाहिलं होतं, पहिल्या पानावर आपलं नाव वाचून परत ठेवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं. शेवटचं प्रकरण उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मुलगा येत होता. घामाघूम होऊन, चप्पल हातात घेऊन, 'अम्मा' म्हणत पायऱ्या उतरत होता.

तो का येऊ नये, हे सांगायचं तर काकूंपासून सांगावं लागेल.

आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, मराठी लोकांच्या जुन्या वस्तीत. वडील भिक्षुकी करायचे. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून यात्रेला आलेली मराठी माणसं आमच्याकडे उतरायची. मी कॉलेजात होते त्या वर्षी जबलपूरचे एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. आईला काशीवास करायचाय, म्हणाले. म्हणजे उरलेलं आयुष्य इथेच काढायचं आणि देहही इथेच ठेवायचा. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती, ती आम्ही दिली. पण मुलाचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. नुसता काशीवास कशाला, म्हणाले, क्षेत्रसंन्यासच होऊन जाऊ दे.

हा क्षेत्रसंन्यास आता फारसं कुणी घेत नाही. वरुणा आणि असी या दोन नद्यांच्या मधे जी काशी आहे, तिची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, असा संकल्प सोडायचा. घाटासमोरचा वाळूचा काठसुद्धा हद्दीबाहेर. तिकडे नावेने फिरायला जाणंही बंद. घेणाऱ्याला मोक्ष मिळतो म्हणतात. वडिलांचा त्यावर पूर्ण विश्वास होता, माझा अर्धा.

संकल्पाच्या वेळी ताम्हन-पळी घेऊन मी वडिलांच्या मागे उभी होते. बाई घाटाच्या खालच्या पायरीवर बसलेल्या, नाकीडोळी नीटस, अंगाने सुकलेल्या. वडिलांनी विचारलं, "बाई, आपल्या मनापासून इच्छा आहे ना?"

"तिची फार इच्छा आहे," मुलगा म्हणाला.

बाईंनी मान हलवली. वडिलांनी पाणी हातावर सोडलं. ज्याने बोलायचं त्याच्या ऐवजी दुसरंच कुणी बोललं, आणि वडिलांनी पुन्हा विचारलं नाही. ही गोष्ट त्यांना पुढे फार लागली. मरेपर्यंत ते म्हणायचे, तोंडून वदवून घ्यायला हवं होतं.

त्यांना आम्ही काकू म्हणायला लागलो. वर्षभराने त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. काकूंनी ट्रंक उघडली, हिरवी साडी बाहेर काढून उन्हात टाकली. मग गल्लीतल्या फोनच्या दुकानातून त्यांनी मुलाला फोन लावला, मी सोबत होते. कधी न्यायला येतोस, असं विचारलं. तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण काकूंनी ते घरी येऊन आईला सांगितलं. तो म्हणाला होता, आई, तुझा संन्यास आहे ना, तो माझ्या मुलीच्या लग्नासाठी मोडायचा का? पाप कुणाच्या डोक्यावर?

काकूंनी साडी घडी करून परत ट्रंकेत ठेवली. "मला वाटलं होतं, मी दार लावून घेतलंय," त्या आईला म्हणाल्या. "कडी तर बाहेरून आहे हो." माझ्या आईने त्यांना चहा करून दिला. दुसरं काय करणार होती?

तो वर्षातून एकदा खर्चाचे पैसे पाठवायचा. येत मात्र नसे. जबलपूरहून इथे यायला एका रात्रीची गाडी. मोक्ष आईला मिळाला की मुलाला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्या सुमाराला मी गोष्टी लिहायला लागले होते. आमच्या वस्तीत मराठी ही उंबरठ्याच्या आतली भाषा. बाहेर पाय टाकला की हिंदी. माझ्या मैत्रिणींपैकी एकीलाही मराठी वाचता येत नव्हती, भावाला येत होती पण त्याला कंटाळा होता. म्हणून मी काकूंना वाचून दाखवायची. दुपारी जेवणं झाली की वर जायची. त्या कापसाच्या वाती वळत बसायच्या आणि मी वाचायची. माझ्या गोष्टींत तेव्हा हरवलेले भाऊ परत यायचे, रुसलेल्या सासवा शेवटी सुनेला जवळ घ्यायच्या. काकू ऐकून घ्यायच्या, वातींची जुडी बांधायच्या, छान आहे म्हणायच्या.

एकदा मात्र तसं म्हणाल्या नाहीत. हातातला कापूस बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुझ्या गोष्टींत शेवटी सगळे येतात गं. कुणी येत नाही, अशी लिही एखादी."

"अशी गोष्ट कोण वाचेल, काकू?"

"मी वाचेन की." मग थोडं थांबून, "माझी लिहिलीस कधी, तर त्याला आणू नकोस. मेल्यावर आला, रडला, पाया पडला, असलं काही नको. लोकांना वाटेल, चला, झालं एकदाचं गोड. माझं गोड झालेलं नाही. तेवढं खरं राहू दे."

मी हो म्हटलं. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो. पण हे हो माझ्या मानेवर बसून राहिलं.

काकू गेल्या त्या थंडीत, दिवेलागणीला. वडिलांनी जबलपूरला फोन केला. तो म्हणाला, निघतो. रात्रीच्या गाडीने बसला तर सकाळी पोचणार. मडकं धरायला, अग्नी द्यायला मुलगा येतोय म्हणून वडिलांनी थांबायचं ठरवलं. सकाळी लोक काकूंना घेऊन मणिकर्णिकेवर गेले आणि मला वडिलांनी एक काम दिलं. आमच्या गल्ल्यांत नवखा माणूस हमखास चुकतो. तर मी चौकाकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि तो आला की त्याला थेट घाटावर घेऊन जायचं.

मी उभी राहिले. हातात पिशवी घेतलेला, थकलेला, पन्नाशीच्या आतबाहेरचा कुठलाही माणूस दिसला की मी पुढे व्हायची. सायकली गेल्या, गाई गेल्या, दुसऱ्या दोन तिरड्या 'राम नाम सत्य है' म्हणत माझ्या अंगावरून गेल्या. कोपऱ्यावरच्या कचौडीवाल्याने मला स्टूल दिलं. मी बसले नाही. बसले तर तो नजरेतून सुटेल असं वाटत होतं. दुपार झाली तशी त्याने कढई उतरवली. घाटावरून निरोप आला की वडिलांनी अग्नी दिला, तू घरी जा. मी स्टूल परत दिलं आणि घरी आले. एवढंच. पुढे पुष्कळ लिहिलं, लग्न झालं, नोकरी केली, मुलगी झाली, आईवडील गेले, नवरा गेला. पण त्या कोपऱ्यावरून जाताना आजही माझी नजर आधी समोरून येणाऱ्या माणसाच्या हातातल्या पिशवीवर जाते.

पुस्तक व्हायला अर्धं आयुष्य गेलं. मराठीत ते महाराष्ट्रातल्या एका लहान प्रकाशकाने काढलं. त्याचा शेवट गल्लीच्या तोंडाशी होतो. मुलगी स्टूल परत देते, आणि शेवटची वाक्यं आहेत: यायचा होता. आला नाही. एका परीक्षणात त्याला 'शुष्क' म्हटलं होतं, बाकी परीक्षणं आलीच नाहीत. प्रकाशकाने उरलेल्या प्रती मला पाठवून दिल्या, त्या पलंगाखाली आहेत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझं तर पिकलं तिथेही विकलं नाही, आणि दुसरीकडेही नाही. पण मला त्याचं दुःख नव्हतं. काकूंना दिलेला शब्द मराठीत छापून झाला होता. कुणी वाचला नाही, पण कुणी खोडलाही नाही.

मग मुलगी म्हणाली, मी हिंदीत करते. ती कॉलेजात हिंदी शिकवते, विद्यापीठाजवळच्या लंका भागाच्या पुढे नव्या वस्तीत राहते. तिचं मराठी माझ्यापुरतं आहे. माझ्याशी बोलतानाही दर तिसऱ्या वाक्याला ती हिंदीत घसरते. पण माझ्या पुस्तकाला हात लावावासा वाटला, याचंच मला केवढं कौतुक. रविवारी ती यायची. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं, म्हणून ती गच्चीवर बसून मला केलेलं वाचून दाखवायची.

आणि इथे माझा घात झाला. आमच्या घरात शब्द डोळ्यांनी तपासत नाहीत, कानांनी तपासतात. वडील विद्यार्थ्यांना संथा द्यायचे तेव्हा समोर पोथी नसायची. ते म्हणायचे, मुलं म्हणायची, आणि चूक झाली तर वडिलांची भुवई हलायची. एकदा ऐकून मान डोलावली की ते पक्कं, पुन्हा पाहायचं नाही. मी शिकलेली, शिक्षिका झालेली बाई, पण ही सवय रक्तातली. मुलीने सगळं पुस्तक मला वाचून दाखवलं, शेवटचं प्रकरणसुद्धा. "आना था. नहीं आया." असं तिने वाचलं, आणि मी मान डोलावली. दोघी रडलो. मग ते छापून आलं, तेव्हा मी काय म्हणून वाचू? ते तर मी ऐकलेलं होतं.

तर, पुस्तक हातात घेऊन मी तिला फोन केला आणि ये म्हटलं. आवाजावरून तिला कळलं असावं. ती आली ती चपला न काढताच दारात थांबली.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"आई, पहले सुन तो लो. प्रकाशकाचा फोन आला होता. म्हणाले, किताब बहुत अच्छी है, पर अंत में कुछ नहीं होता. पाठक को कुछ तो मिलना चाहिए. नाही तर ते छापणार नव्हते."

"आणि तू लिहून दिलंस."

"दोन वर्षं मी फिरत होते गं ते घेऊन. सगळे नाही म्हणत होते. तुला कधी सांगितलं नाही."

"हेही सांगितलं नाहीस."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं!" मी ओरडले. शेजारची बाई खिडकीत आली. मी गेली कित्येक वर्षं अशी ओरडले नव्हते. "माझ्या तोंडून तू बोललीस. घाटावर काकूंच्या ऐवजी तो बोलला, तसंच."

ती रडायला लागली. मग रागावली. "क्या फ़र्क़ पड़ता है, आई? काकू थोड्याच वाचणार आहेत? तुला इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. आता लोक विचारतायत. तुझ्यासाठी केलं मी."

ती खोटं बोलत नव्हती. तिने ते माझ्यासाठीच केलं होतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. शत्रूने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय तिने ते फार चांगलं लिहिलं होतं. चप्पल हातात घेतल्याचं मला सुचलं नसतं. ज्या मुलीला मी मराठी बाराखडी शिकवली, तिने माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका खऱ्या गोष्टीत येऊन इतक्या सफाईने खोटं पेरलं, की वाचताना क्षणभर मलाही गलबलून आलं. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. माफ केलंय असं वाटतं, आणि मग एखादी बाई रस्त्यात थांबवते.

आणि अशा बाया आता रोज भेटत होत्या. पुस्तक दुसऱ्यांदा छापलं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, 'काशी की लेखिका'. ज्या वाचनालयात मी वर्षानुवर्षं मराठी मासिकं मागवा म्हणून अर्ज केले, तिथून सत्काराचं बोलावणं आलं. लोक मला ज्याच्यासाठी डोक्यावर घेत होते तो एक न आलेला माणूस होता. मी जाणार नाही म्हटलं. मुलगी गच्चीवर जाऊन बसली. मग मीच विचार केला, लोकांसमोर उभं राहून एकदा सांगून टाकावं. काकूंना दिलेला शब्द पाळायचा तर तो चारचौघांतच पाळायला हवा. म्हणून मी गेले.

सभागृह भरलं होतं. माझ्या अंगावर बनारसी शाल, हातात नारळ. पहिल्या रांगेत मुलगी बसली होती, तिचा चेहरा उतरलेला. भाषणं सुरू व्हायला वेळ होता. इतक्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी मराठीत विचारलं, "ताई, ओळखलं नसेल तुम्ही. मी जबलपूरहून आलोय. तुमच्याकडे वरच्या खोलीत माझी आई होती."

मी नारळ खाली ठेवला. मला ते आठवत होते ते घाटावरचे, काळ्या केसांचे, 'तिची फार इच्छा आहे' म्हणणारे. आता ते त्या वेळच्या काकूंपेक्षाही म्हातारे होते. आणि नाक अगदी त्यांचंच.

"नातवाने आणलं पुस्तक," ते म्हणाले. "घरात सगळ्यांनी वाचलं. सून म्हणाली, बाबा, तुम्ही असे धावत गेला होतात, आम्हाला कधी बोलला नाहीत. आता सगळे माझ्याशी..." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "तुम्ही मला तिथवर नेलंत, ताई. एक सही द्याल?"

मला त्यांची दया आली असती तर बरं झालं असतं. मला आला तो संताप. काकूंनी ज्याला आणू नकोस म्हणून सांगितलं होतं तो पुस्तकातही आला होता, घरच्यांच्या मनातही आला होता, आणि आता सही घ्यायला स्वतः आला होता. बोलवलं तेव्हा आला नाही, आता न बोलवता तिसऱ्यांदा. "नंतर देते," म्हणून मी स्टेजवर जाऊन बसले.

भाषणं झाली. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक म्हणाले, अब लेखिका स्वयं उस अविस्मरणीय अंतिम दृश्य का पाठ करेंगी. माईकसमोर हिंदी पुस्तक उघडून ठेवलेलं होतं, त्या पानावर खूण घालून. ती खूण मुलीनेच घातली असणार.

बोलायला म्हणून मी हिंदीतली वाक्यं जुळवून आणली होती. अनुवादात शेवट बदललाय, खरं असं नाही, असं साधं सांगायचं होतं. पण पहिल्या रांगेत मुलगी, तिच्या मागे दोन रांगा सोडून ते. हिंदीत सांगितलं की मुलगी या सगळ्यांसमोर उघडी पडणार. कुंपणानेच शेत खाल्लं, खरं, पण ते कुंपणही मीच लावलेलं. मी पुस्तक मिटलं. "मैं मूल मराठी में सुनाती हूँ," म्हटलं, आणि म्हणायला सुरुवात केली. मला ते पाठ आहे. गल्लीचं तोंड, पिशवीवाली माणसं, सायकली, गाई, तिरड्या, स्टूल. मुलगी आणि ते सोडले तर सभागृहात कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. मी त्या एकाच माणसाकडे बघून म्हणत होते. घाटावरून निरोप आला की अग्नी दिला, इथे त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मी शेवटापर्यंत आले. यायचा होता. आला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. प्राध्यापक माईकपाशी आले, त्यांनी डोळे पुसले. "शब्द भले समझ में न आए हों, भाव हृदय तक पहुँच गया. बेटे के लौट आने का यह दृश्य मराठी में तो और भी मार्मिक है!" पुन्हा टाळ्या. माझ्या खरेपणाचाही त्यांनी सत्कार करून टाकला. मी हात जोडून उभी राहिले, दुसरं काय करता येत होतं? मुलगी मान खाली घालून टाळ्या वाजवत होती, कारण तिच्या दोन्ही बाजूचे वाजवत होते. अख्ख्या सभागृहात एकच माणूस खाली बसलेला होता आणि त्याचे हात काठीवर होते.

आयुष्यभर विचार करत आले की लेखकाला यश आलं हे कसं ओळखावं. त्या टाळ्यांत मला ते ओळखता आलं, आणि त्याची चव कडू होती. मी लिहिलेलं एकाला, ज्याला कळायला हवं होतं त्याला, अक्षर न् अक्षर कळलं होतं. बाकीच्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात ते माझी वाट बघत थांबले होते. पुस्तक पिशवीत परत गेलं होतं.

"सही राहिली," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले.

आतून मुलगी हाका मारत होती, आई, लोग फोटो के लिए रुके हैं. ते पायरीपाशी गेले, काठी खाली टेकवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, त्या रात्री मी स्टेशनवर आलो होतो."

"इथल्या?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी, सगळं ठाऊक असून, सगळ्यांना आत्ताच सांगून आलेली असूनही माझा आवाज एकदम वर गेला. मी एक पाऊल पुढेही टाकलं होतं, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टाकायची तसं.

"जबलपूरच्या," ते म्हणाले.